आम्ही आणि आपण

लेखकाने स्वतःविषयी लिहिताना ‘आम्ही’ म्हणावे, ही मासिकांच्या पानांवरची जुनी रीत आहे. तीस वर्षे वर्गात व लेखांत ती पाळल्यामुळे आमच्या ती इतकी अंगवळणी पडली आहे की साध्या चिठ्ठीतही आमच्या लेखणीतून ‘मी’ उतरत नाही. या सवयीचा उपसर्ग आम्हांला गेल्या जानेवारीत प्रथमच पोचला. पेण ते रोहे अशा पाच दिवसांच्या एका तंबू-सहलीत नाव घालताना आम्ही चालकास लिहिले, “आम्ही सहलीस येत आहोत.” त्या भल्या तरुणाने ते वाचून आमच्यासाठी दोघांचा तंबू, दोन सतरंज्या आणि दोन ताटे राखून ठेवली. पेणच्या स्टेशनवर आमच्या पाठीमागे पाहत त्याने विचारले, “काकू कुठे आहेत?” काकूंना जाऊन चार वर्षे झाली, हे सांगताना आम्हांला जेवढा संकोच वाटला, त्याहून अधिक तो ऐकताना त्यास वाटला. दुसरे ताट त्याने मुकाट्याने उचलून ठेवले. सतरंजी मात्र तंबूत तशीच राहिली.

या सहलीची कल्पना आमची नव्हे, आमच्या मुलीची. ती दोन वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेत अशाच एका सहलीस गेली होती. केपटाउनहून निघून नामिबियाचे वाळवंट, एटोशाचे अभयारण्य आणि बोत्स्वानातील ओकावांगो नदीचा पाणथळ मुलूख पाहत, सुमारे तीन आठवड्यांनी ती व्हिक्टोरिया धबधब्यापाशी पोचली. आणि हा सारा प्रवास तिने एका मालमोटारीतून केला. अशा मोटारी मुद्दाम बांधून घेतलेल्या असतात. वर प्रवाशांची आसने, खाली पोटात शेगड्या, भांडी, शिधा आणि तंबू. रोज नवा मुक्काम. संध्याकाळी ज्याने त्याने आपला तंबू उभारावा, पहाटे मोडावा, आणि भाजी चिरणे व भांडी घासणे पाळीपाळीने करावे. बरोबरची माणसे देशोदेशीची, एकमेकांस कधी न पाहिलेली. हे वर्णन ऐकून आम्ही म्हणालो होतो की, पैसे भरून भांडी घासावयास आफ्रिकेत कशाला जावयाचे? वास्तविक हा प्रकार आपल्या लोकांस नवा नाही. पंढरीच्या वाटेवरची दिंडी म्हणजे दुसरे काय असते? मालमोटारीत तंबू आणि शिधा, रोज नवा तळ, आणि शेजारी झोपणारा कोण कोठला हे न विचारण्याची शिस्त. पण आम्ही दिंडीबरोबरही कधी चाललो नव्हतो. मुलगी एवढेच म्हणाली, “बाबा, आफ्रिका राहू दे. पेणचा एक मुलगा अशा सहली काढतो, तिथे तरी जा.” कार्यक्रमाच्या कागदावर शेवटचा मुक्काम रोह्याजवळ पाहून आम्ही प्रथम नाहीच म्हटले. तिने कारण विचारले नाही, कारण तिला ते ठाऊक होते.

आम्ही धरून सोळा माणसे जमली. ठाण्याचे एक निवृत्त बँक-अधिकारी व त्यांच्या पत्नी, दोन परिचारिका, पुण्याच्या संगणक-कचेऱ्यांतील सात मुलेमुली, एक शाळामास्तर, त्यांचे कुटुंब व मुलगा, आणि दादरला खानावळ चालविणाऱ्या एक बाई. या बाईंना पहिल्या तासातच सर्वजण ‘मावशी’ म्हणू लागले, आणि आम्हांला ‘सर’. मावशी हे नाते आहे आणि सर ही पायरी आहे, हा भेद त्या दिवशी आमच्या ध्यानात आला नाही. उलट थोडे बरेच वाटले.

पेणच्या आसपास हमरापूर, जोहे वगैरे गावांत गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत. उत्सवास सात-आठ महिन्यांचा अवकाश असूनही तेथे घरोघर मूर्तींच्या रांगा लागल्या होत्या. एकजण साच्यात माल भरतो, दुसरा सांधे घासतो, बायका रंगाचे हात देतात, आणि डोळ्यांची आखणी तेवढी एखाद्याच सिद्धहस्त माणसाकडे असते. आमच्या चालकाच्या घरचा हाच धंदा. एका मूर्तीकडे बोट दाखवून “ही तुझी का?” असे आम्ही त्यास विचारले. तो म्हणाला, “सर, मूर्ती कुणा एकाची नसते. हिचे डोळे काकांचे, आणि सोंड आईनं घासलेली.” हे उत्तर आम्ही वहीत टिपून घेतले. टिपून घेतले म्हणजे समजले, असे आम्हां प्राध्यापकांस नेहमीच वाटत असते.

पहिला मुक्काम पेणच्या पूर्वेस, बाळगंगेच्या काठी, वरसई गावाजवळ पडला. तंबू उभारण्यास दोन माणसे लागतात, हे आमचे पहिले ज्ञान. एकाने खांब धरावा लागतो आणि दुसऱ्याने दोरी ताणावी लागते. विद्वत्ता कितीही असली तरी दोन्ही कामे एकास साधत नाहीत. शाळामास्तरांचा नऊ वर्षांचा मुलगा आपण होऊन येऊन खांबाशी उभा राहिला, तेव्हा कोठे आमचे घर उभे राहिले. मग पाळीचा तक्ता लागला. त्यात पहिल्याच रात्री लिहिले होते: “भांडी – सर, मावशी.” आमच्या घरी पूर्वी हे काम कुटुंब पाही, आणि हल्ली एक बाई येऊन करून जाते. भांडे घासलेले केव्हा म्हणावे याची परीक्षा आम्हांला कधी द्यावी लागली नव्हती. आम्ही एक पातेले राखेने चोळून मावशींपुढे धरले. त्यांनी कंदिलाशी नेऊन पाहिले व म्हणाल्या, “सर, हे घासलं नाहीत, नुसतं भिजवलंत.” आणि ते परत आमच्या हाती दिले. आमच्या हातून उत्तरपत्रिका परत गेलेल्या शेकडो विद्यार्थ्यांची आम्हांला त्या क्षणी आठवण झाली.

जेवणानंतर शेकोटीपाशी मात्र आमचा अधिकार चालू झाला, कारण वरसई हे विष्णुभट गोडसे यांचे गाव. ज्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केले, ते हेच. घरचे कर्ज फिटावे म्हणून हा गरीब भिक्षुक आपल्या चुलत्यासह १८५७ साली उत्तरेस निघाला. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, ही आशा. वाटेतच बंडाची वार्ता लागली. यज्ञाचे राहिले बाजूस, आणि विष्णुभट झाशीच्या वेढ्यात सापडले. लुटले गेले, उपाशी राहिले, कित्येकदा जिवावर बेतले. परंतु भेटेल त्या सोबतीच्या आधाराने वाट काढीत, गंगेच्या पाण्याची कावड घेऊन ते अखेर वरसईस परतले. हे सर्व आम्ही चांगले रंगवून सांगितले. मुले तल्लीन झाली होती. मावशींनी तेवढा एकच प्रश्न विचारला: “परत आले तेव्हा घरची माणसं होती का?” आम्ही म्हटले, “होती. आईबापांस त्यांनी गंगेच्या पाण्याने स्नान घातले.” त्यावर मावशी म्हणाल्या, “मग मिळालं की सगळं,” आणि झोपावयास गेल्या. त्या रात्री आम्हांला झोप उशिरा लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गागोदे पाहिले. विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी याच गावी झाला. तेलंगणातील पोचमपल्ली येथे १८ एप्रिल १९५१ रोजी त्यांना पहिले भूदान मिळाले, आणि त्यानंतर सुमारे तेरा वर्षे हा माणूस देशभर पायी हिंडला. रोज नवे गाव, रोज नवा मुक्काम. त्यांचे मागणे मोठे विलक्षण होते. तुम्हांला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा मला द्या, असे ते जमीनदारास म्हणत. आणि तो वाटा ते भूमिहीनाच्या हाती ठेवीत. चालक हे सांगत होता. मंडळी जन्मस्थान पाहावयास आत गेली. आम्ही बाहेर झाडाखाली बसून राहिलो. परक्यास भाऊ मानून वाटा द्या म्हणणाऱ्याच्या गावी, सख्ख्या भावाकडून वाटा मोजून घेतलेल्या माणसास तेवढीच जागा पुरेशी होती.

त्या दिवशी नागोठण्यावरून भिसे खिंडीने आम्ही अवचितगडाच्या पायथ्याशी, मेढे गावाजवळ उतरलो. जानेवारी म्हणजे या भागात पोपटीचे दिवस. भाताच्या खाचरांत मागाहून पेरलेला वाल शेंगांनी भरून येतो, आणि रात्री शेताच्या बांधावर मडकी लागतात. मुलांनी वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे आणि एक मडके पैदा केले, आणि मग सर्वांनी आमच्याकडे पाहिले. कारण आम्ही मूळचे रोह्याचे हे बोलण्याच्या ओघात निघून गेले होते. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सूचना केल्या. मडक्यात आंब्याचा पाला घालविला, शेंगा करपू नयेत म्हणून तांब्याभर पाणी ओतविले, आणि आग पेटविली. तासाभराने मडके फोडले, तेव्हा खालच्या शेंगा उकडून लगदा झालेल्या, वरच्या हिरव्याकच्च, आणि सर्वांस धुराचा वास. कोणी काही बोलले नाही. परिचारिकांपैकी एकीने तर चार शेंगा खाल्ल्यासुद्धा. खरे हे की पोपटी आम्ही जन्मात कधी लावली नव्हती. आमच्या घरी ती अण्णा, म्हणजे आमचे वडील बंधू, लावीत. आम्ही शेकोटीच्या उजेडात पुस्तक घेऊन बसत असू आणि तयार झाली की खात असू.

त्या रात्री पुण्याच्या एका मुलाने आमच्या तंबूत आश्रय मागितला, कारण त्याचा सोबती घोरत होता. मोकळी असलेली सतरंजी त्याने पसरली आणि पाच मिनिटांत तो स्वतःच घोरू लागला. चार वर्षांनी प्रथमच आमच्या खोलीत दुसऱ्या माणसाचा श्वास ऐकू येत होता. आम्हांला त्याचा त्रास व्हावयास हवा होता, झाला नाही.

तिसऱ्या दिवशी अवचितगड चढलो. वाट दाट झाडीतून जाते आणि माथ्यावर पाण्याची टाकी व महादेवाचे देऊळ आहे. तटावरून कुंडलिकेचे खोरे उघडे पडते, आणि नदीच्या एका काठास रोहे व दुसऱ्या काठास अष्टमी ही जुळी गावे दिसतात. एका मुलीने विचारले, “सर, तुमचं घर कुठल्या बाजूला?” आम्ही अष्टमीच्या बाजूस बोट दाखविले. “घर आहे अजून? कोण असतं तिथे?” “बंधू असतात.” यावर ती हरखून म्हणाली, “मग आपण सगळे जाऊ या ना त्यांच्याकडे!” आम्ही उत्तरलो, “पाहू. जावयाचे झाल्यास आम्ही जाऊ.”

तिचा चेहरा उतरला. आमच्या वाक्यात एकही कठोर शब्द नव्हता. होता तो केवळ ‘आम्ही’. इंग्रजीत हेच वाक्य बोलले असते तर तिला काही लागले नसते, कारण तेथे दोन्हींस एकच शब्द आहे. आम्ही आयुष्यभर इंग्रजी शिकविली आणि तिच्या शब्दसंपत्तीची वाखाणणी केली. पण या एका बाबतीत ती दरिद्री आहे. गुजराती, तेलुगू आणि तमिळ यांच्याप्रमाणे मराठीतही दोन निराळे शब्द आहेत. ‘आपण’ म्हटले की समोरचा माणूस आत येतो. ‘आम्ही’ म्हटले की तो बाहेर राहतो. शिवाय ‘आपण’ याच शब्दाने आपण समोरच्यास मान देतो आणि याच शब्दाने स्वतःचाही निर्देश करतो. हे सारे व्याकरण आम्हांला पाठ होते. एका मुलीचा चेहरा उतरलेला पाहीपर्यंत ते नुसते व्याकरण होते.

आता वाचकांस सांगून टाकले पाहिजे. आमच्या आईच्या तोंडी सदैव ‘आपले’ असे: आपली विहीर, आपले खाचर, आपला फणस. वडील गेले, मागोमाग आई गेली. अण्णांनी शिक्षण सोडून शेत आणि म्हातारी माणसे सांभाळली होती, आणि आमच्या शिक्षणाचे पैसे त्याच खाचरातून आले होते. पंधरा वर्षांपूर्वी आम्हांला पुण्यात घर घ्यावयाचे होते. आम्ही अण्णांना पत्र लिहिले. भाषा सभ्य होती, व्याकरण निर्दोष होते: “आमचा हिस्सा आम्हांस वेगळा करून मिळावा.” त्या घरात ‘आमचा’ हा शब्द घरच्याच माणसाविरुद्ध त्या दिवशी प्रथम वापरला गेला. अण्णांनी वाटणी करून दिली. आमचे खाचर स्वतः विकत घेण्यासाठी त्यांनी दोन वर्षांची मुदत मागितली. आम्ही थांबलो नाही. बाहेरच्या गिऱ्हाइकास विकून मोकळे झालो. कायदा सर्वस्वी आमच्या बाजूने होता. त्यानंतर बोलणे संपले. आमचे कुटुंब वारले तेव्हा अण्णा पुण्यास आले, स्मशानात शेवटपर्यंत उभे राहिले, आणि घरी पाणीही न घेता रात्रीच्या गाडीने परत गेले.

चौथ्या दिवशी कोलाडजवळ कुंडलिकेच्या काठी तंबू पडले. या नदीची तऱ्हा न्यारी आहे. मुळशी धरणाचे पाणी, जे निसर्गतः पूर्वेस वाहत जावयाचे, ते टाटांच्या भिरा येथील वीजघरासाठी १९२७ पासून पश्चिमेस उतरविले जाते आणि वीज करून कुंडलिकेत सोडले जाते. त्या धरणाखाली शेते जाणाऱ्या मावळ्यांसाठी सेनापती बापटांनी १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह लढविला होता. आज त्याच पाण्याच्या वेळा सांभाळून सकाळी रबरी होड्या सुटतात. मंडळी होडीत बसली. आम्ही काठावर राहिलो. मावशीही राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, “सर, आज पुन्हा पोपटी लावायची म्हणतात पोरं. पण नीट लावणारं माणूस पाहिजे. तुमच्या ओळखीचं आहे का कुणी?” त्यांना काय ठाऊक होते आणि काय नव्हते, हे आम्हांला आजवर कळलेले नाही. आम्ही म्हटले, “आहे.” आणि रिक्षा करून अष्टमीस गेलो.

वाटेत आम्ही बरीच वाक्ये जुळविली. तीस वर्षे व्याख्याने दिलेल्या माणसास ते अवघड नव्हते. क्षमेचे एक वाक्य तर फारच चांगले साधले होते. अण्णा ओटीवर वाल सोलीत बसले होते. ते थकलेले दिसले. त्यांनी मान वर केली, आणि आमची सर्व वाक्ये नाहीशी झाली. तोंडातून निघाले ते एवढेच: “अण्णा, पोपटी बिघडली.”

ते क्षणभर पाहत राहिले. मग म्हणाले, “पाला कसला घातलात?”

“आंब्याचा.”

“आंब्याचा?” अण्णांनी सूप खाली ठेवले. “भांबुर्डा कुठे गेला होता? आणि पाणी तर नाही ना ओतलंस?”

आम्ही गप्प राहिलो. आतून वहिनी बाहेर आल्या, आम्हांला पाहून थबकल्या आणि म्हणाल्या, “आधी पाय धुवा. विहिरीवर बादली आहे.” पाणी पूर्वीसारखेच गार होते.

संध्याकाळी अण्णा एक मडके, भांबुर्ड्याच्या पाल्याचा भारा आणि घरच्या वालाच्या शेंगा घेऊन तळावर आले. त्यांनी कोणास ओळख करून दिली नाही की करून घेतली नाही. सरळ कामास लागले. तळाशी पाला, वर शेंगा, बटाटे आणि रताळी, मधून मधून ओवा आणि जाडे मीठ, तोंडाशी पुन्हा पाला गच्च दाबून मडके उपडे ठेवले, आणि भोवती पेंढा व काटक्या रचून आग दिली. अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचा थेंब शिंपडला, तो चर्र करून उडाला, तेव्हा म्हणाले, “झाली.” शाळामास्तरांच्या मुलाने विचारले, “आजोबा, पाणी का नाही घालायचं?” अण्णा म्हणाले, “आपल्या वालाला पाणी लागत नाही रे. त्याच्या अंगचंच असतं.” तो शब्द ते त्या मुलास म्हणाले, आम्हांला नव्हे. पण आम्ही जवळच बसलो होतो.

जेवणे झाल्यावर तक्त्याप्रमाणे भांडी आमच्याकडे होती. अण्णा शेजारी येऊन बसले आणि आम्ही पातेले घासत असलेले पाहत राहिले. खाचराचे नाव दोघांनीही काढले नाही. ते विकलेले आहे आणि परत येणार नाही. एका रात्रीच्या शेंगांनी ते भरून निघाले, असे लिहिणे खोटेपणाचे होईल. जाताना अण्णांनी विचारले, “रोज एवढी भांडी घासतोस?” आम्ही म्हटले, “पाळी असते.” ते हसले. पंधरा वर्षांत ते हसणे आम्ही विसरलो नव्हतो, एवढे त्या वेळी कळले.

मुलीला हे सर्व फोनवर सांगितले, तेव्हा तिने विचारले, “मग सहलीत काय काय पाहिलंत?” आम्ही किल्ला, नदी, गणपतीचे कारखाने अशी यादी सांगितली. आफ्रिकेहून आल्यावर तिनेही आम्हांला हत्ती आणि वाळूच्या टेकड्या यांचीच यादी सांगितली होती. तिच्या यादीत काय राहून गेले असेल, हे तिला आता विचारले पाहिजे.

पुढच्या जानेवारीच्या सहलीत नाव घातले आहे. चालकाने गोंधळ नको म्हणून या वेळी स्पष्ट विचारले, “सर, किती जण?” आम्ही अष्टमीस पत्र टाकून अण्णांना विचारले आहे. त्यांनी गुडघ्याची सबब सांगितली आहे; नाही असे म्हटलेले नाही. चालकास आम्ही उत्तर लिहिले की, सतरंज्या दोनच असू द्याव्यात.